आईची पात

विनिताच्या चाइव्ह्जच्या कुंडीत सकाळी एक गुलाबी कळी दिसली आणि तिला एवढा आनंद झाला, की हातातला चहाचा कप तिने गॅलरीच्या कठड्यावरच ठेवून दिला.

कळी ती कळी, त्यात एवढं काय, असं ज्याला वाटेल त्याने एकदा ही चाइव्ह्ज लावून बघावी. कांद्याच्या पातीची नाजूक चुलत बहीण ती. दोऱ्यासारखी बारीक, आतून पोकळ, चवीला कांदा आणि लसणाच्या मधली. थंड हवेत वाढणारं हे लाडावलेलं रोप डोंबिवलीत, तेही मानपाड्याच्या बाजूला, गॅलरीतल्या कुंडीत जगवायचं म्हणजे चेष्टा नव्हती. पहिलं बी उगवलंच नाही. दुसऱ्या खेपेला केसासारखे कोंब आले आणि मे महिन्यातल्या उन्हाने करपले. तिसऱ्या खेपेला विनिताने कुंडी पुदिना आणि वर टांगलेल्या लिलीच्या आडोशाला ठेवली, तेव्हा कुठे पात तग धरून राहिली. नवरा शिवराम तिला 'तुझं गवत' म्हणायचा. शेजारच्या जाईबाईंची जीभ चाइव्ह्जवर अडखळायची, म्हणून त्यांनी त्याची सरळ 'चावी' करून टाकली होती.

एवढा खटाटोप अक्षदासाठी होता. लेकीला सातवा महिना लागला होता आणि डोहाळे जगावेगळे. कांद्याचा नुसता वास आला तरी ती तोंडाला रुमाल लावायची, पण ही पात मात्र तिला चालायची. घट्ट चक्क्यात बारीक चिरायची, मीठ-मिरपूड घालायची आणि भाजलेल्या पावावर थापून खायची. "आई, तुझी पात पाठव ना," असा ठाण्याच्या खोपटहून फोन आला, की विनिताच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. अक्षदाच्या सासरी काही कमी नव्हतं. पण ही एक गोष्ट ठाण्यातल्या कुठल्याच बाजारात तिला हवी तशी मिळत नव्हती, आणि आईकडे मिळत होती.

गणपतीत गावाहून परत आल्यापासून तर कुंडी नुसती भरून गेली होती. आणि आता कळी. बागकामाच्या व्हिडिओत दाखवतात तसा गुलाबी-जांभळा गोंडा फुलणार, म्हणून विनिताने फोटो काढला आणि लेकीला पाठवला. 'बघ, फूल येतंय!'

"क्या बात हाय, विनिता!" जाईबाई ताकाचा तांब्या परत द्यायला आल्या होत्या, त्या थेट गॅलरीत शिरल्या. मूळच्या तिथल्याच गावच्या. बिल्डिंगी नव्हत्या तेव्हापासूनच्या. त्यांनी वाकून कुंडीत बघितलं आणि हसल्या. "आली का वर! मना वाटला मरेल."

"काय मरेल?"

"लिली गो. तू गनपतीला कोकनात गेलीस ना, तवा वाऱ्यानं तुजी ती टांगलेली कुंडी पडली. समदे कांदे लादीवर. लहान लहान कांदे, मना वाटला तुज्या चावीचेच असतील. म्हनून याच्यात खोचले. आता कळी बघून कळला, ही तं लिली हाय."

विनिताने कळीकडे बघितलं. मग पातीकडे. एरवी तिने ती हजारदा बघितली होती, पण आज पहिल्यांदा नीट बघितली. एक पान तोडून बोटांत चुरडलं. पोकळ होतं. दुसरं तोडलं. ते भरीव निघालं, जरासं चपटं, आणि त्यातून चिकट पाणी आलं. तिसरं भरीव. चौथंही भरीव.

"आमच्याकडं गाय पन तोंड लावीत नाय त्याला," जाईबाई सहज म्हणाल्या.

लिलीचा कांदा विषारी, पानंही पोटात जाता कामा नयेत, हे तिला माहीत होतं. बागकामाच्या त्या व्हिडिओंतली बाई प्रत्येक वेळी सांगायची. त्याच बाईने दुसरंही एक सांगितलं होतं: पात दिसायला कशीही असो, कापताना चुरडून वास घ्या, कांद्या-लसणाचा वास आला नाही, तर तोंडात घालू नका. एवढी सोपी परीक्षा. शेंबड्या पोरालाही जमेल अशी.

विनिताला ती जमणारी नव्हती. तिला वास येत नव्हता.

दोन वर्षांपूर्वी ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. आज येईल, उद्या येईल, म्हणून तिने कोणाला सांगितलं नाही. मग सवय झाली. फोडणी कानाने ओळखायची, दूध समोर उभं राहून तापवायचं, मसाला चमच्याने मोजून घालायचा. संध्याकाळी कारखान्यांकडून तो उग्र वास सुटला, की सगळी बिल्डिंग खिडक्या लावून घ्यायची. विनिता समोरच्या गॅलरीकडे बघायची. तिथल्या बायकांचे हात नाकाकडे गेले, की हिचाही पदर नाकाला लागायचा. "काय बाई हा वास!" असं ती इतक्या झोकात म्हणायची, की कोणाला शंकासुद्धा आली नाही. शिवरामलाही नाही, आणि तो तर त्याच घरात राहत होता.

आणि मग अक्षदाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे विनिताच्या दृष्टीने ठरल्यातच जमा होतं. पण डोहाळजेवणाच्या दिवशी शिवरामने हसत हसत सांगितलं, की हल्ली हिचं दूध करपतं आणि हिला पत्ता नसतो. सगळे हसले. अक्षदाची सासू मृणाल तेवढी हसली नाही. मृणालताई निवृत्त मुख्याध्यापिका. शुद्ध बोलणाऱ्या, टापटिपीच्या, आणि विनिताच्या मते जरा नाकाने कांदे सोलणाऱ्या. त्या एवढंच म्हणाल्या, "बाळंतिणीच्या घरात चार ठिकाणी लक्ष लागतं. बघू या, कुठे करायचं ते." त्या दिवसापासून विनिताने ओठ शिवूनच घेतले. मागच्या खोलीला रंग दिला. माळ्यावरून अक्षदाचाच जुना पाळणा काढून घासून ठेवला. आईच्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली. वास येत नाही हे कळलं, तर बाळाला या घरात कोण आणेल? गॅस सुटला तर? दूध नासलं तर? हे प्रश्न मृणालताई विचारणार, आणि ते खरेच होते, म्हणून तर त्यांची भीती वाटत होती.

काल संध्याकाळी, गणपतीनंतर पहिल्यांदाच, जावई प्रीतम कामावरून जाताना पात न्यायला आला होता. विनिताने त्याच्या देखत कुंडीतून जुडीभर पात कापली. तो म्हणाला, "आई, एकदम ताजी वाटते." आणि विनिताने काय करावं? दोन पानं चुरडली, नाकाशी नेली, डोळे मिटले आणि म्हणाली, "वा! काय घमघमाट सुटलाय बघ!"

ते आठवलं आणि तिने फोन उचलला.

अक्षदाचा फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. प्रीतमच्या फोनवरून 'नंतर करतो' असा मेसेज आला. उरल्या मृणालताई. विनिताने नंबर लावला आणि देवाचं नाव घेतलं.

"बोला विनिताताई. अक्षदा आंघोळीला गेली आहे."

"मृणालताई, ती पात... काल पाठवलेली. वापरली का हो?"

"आत्ताच चिरून चक्क्यात कालवली. बाहेर आली की पहिलं तेच मागेल, तिला कुठला आलाय धीर!"

अजून खाल्ली नव्हती. विनिताचा जीव भांड्यात पडला, आणि नेमकं तिथेच तिचं चुकलं. सांगायचं होतं ते एका वाक्याचं होतं. ते जिभेवर आलं, आणि त्याच्या मागोमाग मागची रंगवलेली खोली आली, पाळणा आला, 'बघू या, कुठे करायचं ते' हेही आलं. वाक्य तिथेच अडलं.

"त्या पातीत मावा दिसला हो आज," ती म्हणाली. "कीड. नका देऊ तिला. टाकून द्या."

"कीड?" मृणालताईंच्या आवाजात हसू होतं. "अहो, मी मिठाच्या पाण्यात धुतली आहे. एकेक पात निवडली. कीड कसली, माती नव्हती तिला. तुम्ही उगाच धसका घेता. ती कालपासून वाट बघते आहे, आता टाकून दिली तर माझ्यावर रुसेल. ठेवते हं, कुकर झाला."

"नाही, पण मृणालताई—"

फोन बंद झाला होता.

जाईबाई दारातच उभ्या होत्या. कपाळाला आठ्या घालून त्यांनी विचारलं, "मावा कुठं हाय गो? लिली हाय, तं लिली बोल ना. कापताना वास नाय घेतलास काय?"

"मला वास येतच नाही जाईबाई. दोन वर्षं झाली."

जाईबाईंनी कमरेवर हात ठेवले. त्यांना नवल वाटायलाही वेळ नव्हता. "मंग ते तिला सांग! मना काय सांगतेस?"

विनिताने पुन्हा नंबर लावला. 'आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता...' मृणालताई दुसऱ्या कोणाशी बोलत होत्या. अक्षदाचा फोन नुसता वाजत राहिला. पुन्हा मृणालताई. पुन्हा तीच रेकॉर्डवरची बाई, तोच गोड आवाज. विनिता खोलीतून गॅलरीत आणि गॅलरीतून खोलीत येरझाऱ्या घालत होती. आंघोळीला किती वेळ लागतो? केस धुतले असतील तर जास्त. धुतलेले असू देत, देवा, आज तिने केस धुतलेले असू देत. तिला स्वतःची इतकी चीड आली, की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. एक वाक्य. एक वाक्य बोलता आलं नाही तिला, आणि दोन वर्षं खोटं मात्र न अडखळता बोलत होती.

या खेपेला पलीकडे घंटी वाजली. मृणालताईंनी फोन उचलला. "अहो, पुण्याहून बहिणीचा फोन—"

"मृणालताई, ती पात नाही, लिली आहे," विनिता ओरडलीच. "विषारी आहे. मला वास येत नाही. मला कसलाच वास येत नाही, म्हणून मला कळलं नाही. कीड नव्हती, मी खोटं बोलले. तिला खाऊ देऊ नका!"

पलीकडे भांडं आपटल्याचा आवाज आला आणि मृणालताईंचा कधी नव्हे तो चढलेला आवाज. "अक्षदा! ठेव ते! थुंक आधी, थुंक!"

आणि लांबून अक्षदाचा आवाज. "काय झालं मम्मी? खाल्लं मी. एक पाव तर संपला."

जाईबाईंचा मुलगा कमलेश खाली रिक्षा पुसत होता. त्याने काही विचारलं नाही, नुसती रिक्षा काढली. जाईबाईंनी कुंडीतला तो लिलीचा गड्डा मुळासकट उपटून प्लास्टिकच्या पिशवीत विनिताच्या हातात कोंबला. "डॉक्टरला दाव. काय खाल्लंय ते त्याला कळाया नको?"

शीळफाट्याला नेहमीप्रमाणे कंटेनर अडकले होते. कमलेश कडेकडेने रिक्षा काढत होता आणि मध्येच आरशातून म्हणत होता, "काकी, टेन्शन नका घेऊ, पोचवतो." विनिता मांडीवर पिशवी धरून बसली होती. फोन हातात होता आणि तो वाजावा की वाजू नये, हेच तिला कळत नव्हतं. मुंब्र्याजवळ वाजला. मृणालताई होत्या. खोपटच्या डेपोमागच्या नर्सिंग होममध्ये आलो आहोत, अक्षदाला उलट्या होताहेत, एवढंच बोलल्या. पुढे विचारायची विनिताची छाती झाली नाही. बाळाचं नाव तर तिने मनातसुद्धा घेतलं नाही.

नर्सिंग होमच्या पायऱ्या ती कशी चढली, तिला आठवत नाही. डॉक्टरीणबाईंनी पिशवीतला गड्डा उलटसुलट करून बघितला. "फक्त पानं खाल्ली ना? कांदा नाही?"

"फक्त पानं."

"आणि त्यात चाइव्ह्ज पण मिसळलेली होती?"

"हो."

"कांदा असता तर मी एवढी शांत नसते. पोटातलं बरंचसं बाहेर पडलंय. सलाइन लावलंय. बाळाचे ठोके व्यवस्थित आहेत. आज इथेच ठेवू."

बाळाचे ठोके व्यवस्थित आहेत, हे ऐकल्यावर विनिता बाकावर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मृणालताई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. त्या हळू आवाजात एवढंच म्हणाल्या, "पहिल्याच फोनला सांगितलं असतंत तर ती तेव्हा आंघोळीलाच होती."

विनिताने डोळे पुसले आणि ती अक्षदाच्या खोलीत गेली.

अक्षदाचा चेहरा पांढरा पडला होता. ओठ सुकले होते. आईला बघून ती हसली. "ये. घाबरलीस ना?"

विनिताने तिचा हात हातात घेतला.

"कडू लागत होतं गं," अक्षदा म्हणाली. "पहिल्या घासालाच कळलं. पण म्हटलं, आईची पात आहे, आईने एवढ्या लांबून पाठवलीय, टाकायची कशी? म्हणून खाल्लं." मग तिने डोळे मिटून घेतले. "पण बरं झालं, तुला कळल्या कळल्या तू फोन केलास. नाहीतर दुसरा पावही खाल्ला असता मी."

मृणालताई खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांनी वळून विनिताकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, पण मदतही नव्हती. त्यांनी सुनेला पहिल्या फोनचं काही सांगितलेलं नव्हतं आणि पुढेही त्या सांगणार नव्हत्या, हे विनिताला त्या एका नजरेत कळलं. ती नुसती गप्प राहिली असती तरी चाललं असतं. खोली होती, पाळणा होता, लेकीचा हात हातात होता.

"कळल्या कळल्या नाही केला," विनिता म्हणाली.

अक्षदाने डोळे उघडले.

"केला होता. पण खरं नाही सांगितलं. पातीला कीड लागलीय म्हणाले. तेव्हा तू खाल्लं नव्हतंस." ती थांबली नाही. "मला वास येत नाही अक्षदा. त्या तापापासून. ते मृणालताईंना कळेल, तू बाळंतपणाला माझ्याकडे येणार नाहीस, म्हणून मी खोटं बोलले. तेवढ्या वेळात तू आंघोळ करून आलीस आणि खाल्लंस."

अक्षदाने हात सोडवून घेतला. जोरात नाही. हळूच घेतला आणि पोटावर ठेवला. तोंड भिंतीकडे वळवलं. सलाइनची नळी तेवढी हलली.

"दोन वर्षं?" ती भिंतीकडे बघतच म्हणाली. "म्हणजे मागच्या दिवाळीला मी अत्तर आणलेलं. तू रोज लावत होतीस. छान आहे म्हणत होतीस."

"हो."

"आणि बाळाचा वास? तोही नाही येणार?"

हा प्रश्न विनिताने स्वतःला कधी विचारू दिला नव्हता. न्हाऊन आलेल्या बाळाच्या टाळूचा तो वास. अक्षदाच्या टाळूचा तिला अजून आठवत होता, म्हणजे आठवतो असं वाटत होतं. "नाही येणार," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरलं नाही.

अक्षदाही रडत होती. "मी नाही येणार आई डोंबिवलीला," ती म्हणाली. "मला भीती वाटेल."

"नको येऊस," विनिता म्हणाली. सकाळी ज्या वाक्याच्या भीतीने तिने पोटच्या पोरीला विष खाऊ घातलं, ते वाक्य शेवटी तिच्याच तोंडून इतकं साधं निघालं. "तुझं बरोबर आहे. नको येऊस."

मृणालताई कधी बाहेर गेल्या, कोणाच्या लक्षात आलं नाही. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात खालच्या टपरीवरचे चहाचे दोन ग्लास होते. एक त्यांनी विनितापुढे धरला.

"आलं जास्त घालायला सांगितलं. त्याचा झणका तरी कळतो ना?"

विनिताने एक घोट घेतला. "कळतो. तेवढं कळतं."

"मग असंच खरं सांगत चला," मृणालताई म्हणाल्या आणि स्वतःचा ग्लास घेऊन स्टुलावर बसल्या. "आमच्या घरात वास घेणारी माणसं आहेत. बाळाला आंघोळ घालणारं कोणी नाही. मला त्यातलं काही येत नाही, प्रीतमच्या वेळी सगळं माझ्या आईने केलं होतं."

अक्षदाने अजून तोंड वळवलं नव्हतं. तिने भिंतीकडे बघतच नाक पुसलं.

"आई, तो पाळणा," ती म्हणाली. "माझा जुना. तो इकडे घेऊन ये येताना."

"आणते," विनिता म्हणाली.